रायफलचं काडतूस घरी भरताना पहिला चार्ज किती ठेवायचा?

अमेरिकेत पाच-दहा वर्षं काढलेल्या मराठी मंडळींत आता रेंजवर जाणारे बरेच दिसतात. आधी मित्राबरोबर हौसेनं जायचं, मग स्वतःची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची, मग मॅच ग्रेड काडतुसांच्या डब्याची किंमत बघून डोळे पांढरे करायचे आणि शेवटी गॅरेजच्या कोपऱ्यात रीलोडिंग प्रेस (काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र) बसवायचा, असा साधारण प्रवास असतो. प्रेस बसवून झाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काका, तुम्ही पावडर किती टाकता?’

या प्रश्नाला मी कधीच आकडा सांगत नाही, आणि या लेखातही एकही खरा चार्ज (म्हणजे काडतुसात टाकायच्या पावडरचं वजन) सापडणार नाही. माझा आकडा माझ्या रायफलच्या चेंबरचा (काडतूस बसतं त्या जागेचा), माझ्या ब्रासचा, माझ्याकडच्या पावडरच्या लॉटचा आहे. तो फक्त पावडरचा गुण कधीच नसतो. सगळ्या जोडणीचा मिळून तो एक आकडा असतो. तुमचा सुरुवातीचा चार्ज तुम्हीच कसा शोधायचा आणि तिथून पुढे कसं सरकायचं, तेवढं इथे सांगतो. उदाहरणासाठी .३०८ विंचेस्टर हे काडतूस धरू, कारण नवशिक्यांच्या हाती बऱ्याचदा याच काडतुसाची रायफल असते. (.२२ रिमफायरवाल्यांनी हा लेख सोडला तरी चालेल. ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं ती ५० मीटर रायफल .२२ चीच, त्यामुळे आपल्याकडच्या नेमबाजांनाही रीलोडिंगशी फारसं देणंघेणं नसतं.)

आधी कायद्याचं. एच-१बी, एल-१, एफ-१ असा नॉनइमिग्रंट व्हिसा असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. काडतुसांच्या व्याख्येत रिकाम्या केस, प्रायमर, बुलेट आणि पावडरही येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद, पण तो आपल्याला लागू होतो का हे वकिलाला विचारूनच ठरवा. प्रश्न तुमच्या इमिग्रेशनचा आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. भरून विकायचा धंदा करायचा तर लागतो. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. सुट्टीला घरी जाताना रेंजची बॅग सामानात वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूससुद्धा विमानतळावर रात्र घालवायला पुरतं.

शब्दांत घोळ नको म्हणून एवढंच सांगून ठेवतो: खाली ‘बुलेट’ म्हणजे फक्त पुढचा, नळीतून उडणारा तुकडा, ‘केस’ किंवा ‘ब्रास’ म्हणजे पितळी नळकांडं, ‘प्रायमर’ म्हणजे केसच्या तळाशी बसणारी, पावडर पेटवणारी टिकली, ‘लोड’ म्हणजे या सगळ्याची चार्जसकट ठरलेली जोडणी, आणि सगळं जोडून तयार होतं ते काडतूस. वजन ग्रेनमध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये साधारण १५.४.

थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?

.३०८ विंचेस्टरसाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेनं ठरवलेला कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. गाडीच्या टायरमध्ये ३५ च्या आसपास असतो. हा दाब तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर तयार होतो आणि तो अडवायला बोल्टचे लग (बोल्ट जागी अडकवून धरणारे दात) आणि चेंबरचं पोलाद असतं.

धूरविरहित पावडर स्फोटकासारखी एका झटक्यात उडत नाही, ती जळते. पण दाब वाढला की ती आणखी वेगानं जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणून वरच्या टोकाजवळ पावडर एक टक्का वाढवली तर दाब एकच टक्का वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो. वेग मात्र जेमतेम सरकतो. शेवटचा अर्धा ग्रेन टाकून तुम्हाला मिळणार सेकंदाला काही फूट वेग, आणि किंमत मोजणार दाबात. शंभर यार्डांवरच्या कागदाला त्या वेगाचा काडीचा फरक पडत नाही. कमाल आकड्याचं आकर्षण मला कधी कळलेलंच नाही.

पहिली पायरी: पावडर कोणती, हे अक्षर न अक्षर वाचा

एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या, एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ याही वेगळ्या. आकडा सारखा, पण जळण्याचा वेग वेगळा. एकीचा डेटा दुसरीला लावायचा नाही. २००३ पासून एच आणि आयएमआर ही दोन्ही नावं हॉजडन या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, त्यामुळे दुकानात डबे शेजारी-शेजारी मांडलेले असतात. गोंधळ नेमका तिथेच होतो.

पावडर बघून ओळखता येत नाही. बारीक करड्या कांड्या सगळ्यांच्याच. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकीचे कपाटात. काम संपलं की मेझरच्या (पावडर मापून ओतणाऱ्या यंत्राच्या) नळीत उरलेली पावडर त्याच दिवशी मूळ डब्यात ओतायची. रात्रभर राहिली आणि सकाळी कोणती ते शंभर टक्के आठवत नसेल तर ती पावडर गेली असं समजा. दुसऱ्याच्या गॅरेज सेलमध्ये मिळालेला उघडा डबा, लेबल पुसलेली बरणी, ‘आमच्या आजोबांची होती’ असली देणगी, काहीही फुकट मिळालं तरी नको. झाकण उघडल्यावर तिखट आम्लासारखा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर खराब झालेली आहे. ती तर घरातही ठेवू नका.

नवशिक्यानं निवडताना एक गोष्ट नक्की बघावी: केस जवळपास भरेल अशी पावडर घ्या. योग्य वेगाची रायफल पावडर .३०८ च्या केसमध्ये खांद्यापर्यंत किंवा मानेपर्यंत येते. चुकून दोनदा ओतली तर बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. थोड्याशा जलद पावडरवर चालणारे हलके लोड स्वस्त पडतात, पण त्यात डबल चार्ज केसमध्ये आरामात लपतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊच नका. आणि पिस्तुलाची पावडर रायफलच्या टेबलाजवळही नको.

जळण्याच्या वेगानुसार पावडरींचा क्रम लावलेले तक्ते सगळीकडे मिळतात. त्यांचा उपयोग कोणती कोणाच्या आसपास आहे एवढं कळण्यापुरताच. तक्त्यात शेजारी आहे म्हणून शेजारणीचा चार्ज वापरला, असं होत नाही.

दुसरी पायरी: मॅन्युअलमधली आपलीच ओळ शोधा

निदान दोन स्रोत हवेत: एक बुलेट बनवणाऱ्याचं मॅन्युअल (सिएरा, हॉर्नडी, नॉस्लर, तुम्ही घेतलीत त्या कंपनीचं) आणि एक पावडर बनवणाऱ्याचा डेटा. पावडर कंपन्या आपला डेटा फुकट देतात. मित्राच्या वहीतला, व्हिडिओखालच्या प्रतिक्रियेतला किंवा चॅटबॉटनं सांगितलेला आकडा या दोघांच्या जागी बसत नाही.

आता .३०८ चं पान उघडा. लोक थेट रकान्यातल्या ग्रेनवर बोट ठेवतात. त्याआधी वर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचा: चाचणीची केस कोणाची, प्रायमर कोणता, नळी किती इंचांची, ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) किती, काडतुसाची एकूण लांबी किती. ही त्या आकड्याची अट आहे. यातलं जे जे तुमच्याकडे वेगळं आहे त्याच्यावर पेन्सिलीनं खूण करा. खुणा जितक्या जास्त, तितकं तळाशी राहायचं.

मग बुलेट. ‘१६८ ग्रेन’ एवढं जुळणं पुरेसं नाही. सिएराची १६८ ग्रेन मॅचकिंग म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं आवरण. बार्न्सची १६८ ग्रेनची शिकारीची बुलेट सबंध तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला बुलेट लांब होते, केसमध्ये जास्त खोल शिरते, पावडरची जागा खाते. शिवाय नळीतल्या खाचांत रुतताना वेगळी वागते. अशा बुलेटला तिच्याच कंपनीचा डेटा लागतो.

चार्जचे साधारण दोन रकाने असतात, सुरुवातीचा आणि कमाल. कमाल आकड्यापुढे सी हे अक्षर दिसलं तर तो चार्ज दाबून बसतो, म्हणजे बुलेट बसवताना पावडर दबते. काही ठिकाणी एकच आकडा दिलेला असतो. तो कमाल आहे असं धरून दहा टक्के कमी करणं ही रूढ रीत. समजा कमाल ४० ग्रेन लिहिलंय (हा आकडा निव्वळ हिशेबापुरता, कोणत्याही पावडरचा नाही), तर सुरुवात ३६ पासून.

दोन मॅन्युअलमध्ये आकडे जुळणार नाहीत, त्यानं घाबरू नका. नळी वेगळी, ब्रास वेगळं, पावडरचा लॉट वेगळा, म्हणून निकालही वेगळा येतो. दोन सुरुवातींतला खालचा घ्या आणि दोन कमालांतलाही खालचाच आपली कमाल समजा. फरक एक-दीड ग्रेनचा असेल तर ठीक. तीन-चारचा असेल तर बहुधा तुम्ही चुकीच्या ओळीवर आहात. पावडरचं नाव आणि बुलेट पुन्हा वाचा.

जुनी मॅन्युअल वाचायला मजेदार असतात, पण लोड नव्यावरूनच. आधी दाब तांब्याच्या छोट्या दंडगोलाच्या चपटेपणावरून मोजत आणि सीयूपी (कॉपर युनिट्स ऑफ प्रेशर) मध्ये लिहीत. आता विद्युत सेन्सरनं मोजून पीएसआयमध्ये लिहितात. या दोन मापांचं एकातून दुसऱ्यात सरळ रूपांतर होत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘सुरुवातीपेक्षाही कमी ठेवलं तर आणखी सुरक्षित’ हे खरं नाही. मंद पावडर अर्ध्या रिकाम्या केसमध्ये नीट पेट घेत नाही. कधी बार उशिरा होतो, कधी बुलेट नळीतच अडकते, आणि क्वचित दाब उलट अचानक चढतो. अडकलेल्या बुलेटवर पुढचं काडतूस उडवलं की नळी फुटते. म्हणून छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जायचं नाही. हलका लोड हवाच असेल तर ज्या पावडरला कंपनीनं स्वतः तशी मुभा दिलीय तीच घ्या. एच ४८९५ साठी हॉजडन कमाल चार्जच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरू देतं. तो नियम फक्त त्या पावडरचा. एच ११० चा नियम बरोबर उलटा, तिला फारसं कमी करायचंच नाही.

तिसरी पायरी: आपल्या हातातला माल बघा

एका डब्यात पाच कंपन्यांचं ब्रास असेल तर वेगळं करा. बाहेरचं माप सारखं असलं तरी भिंतीची जाडी वेगळी असते. लष्करी ७.६२ नाटोचं ब्रास सहसा जाड असतं. आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. ते वापरायचं तर तळापासून सुरुवात आणि कमालच्या बरंच आधी मुक्काम.

केसची लांबी कॅलिपरनं मोजा. .३०८ ची कमाल २.०१५ इंच; त्याहून लांब झाली तर २.००५ पर्यंत छाटा. लांब केसचं तोंड चेंबरच्या टोकाला चिमटलं जातं, बुलेट सुटायला अडखळते आणि दाब वाढतो. पावडर तीच, चार्ज तोच, तरीही. तळापासून थोडं वर चकचकीत रिंग दिसत असेल तर ती केस फाटण्याच्या बेतात आहे. पक्कडीनं चेपा आणि टाकून द्या, म्हणजे चुकून परत डब्यात जाणार नाही.

प्रायमर मॅन्युअलनं लिहिलाय तोच शक्यतो. साधा सांगितला असताना मॅग्नम घातला तर दाब बदलतो. तुटवड्याच्या काळात जो मिळेल तो घ्यावा लागतो, मान्य आहे. मग सुरुवातीच्या चार्जवर परत जायचं.

बुलेट किती खोल बसवायची ते मॅन्युअलच्या लांबीप्रमाणे. अचूकतेसाठी बुलेट रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) जवळ आणायचे प्रयोग नंतर करा. रायफलिंगला टेकलेली बुलेट सुटताच अडते आणि दाबाचा काटा वर जातो.

चौथी पायरी: वजन

इथे घाई नको, आणि गप्पाही नकोत. फोन दुसऱ्या खोलीत. पंखा बंद, एसीचा झोत काट्याकडे येत नाही ना ते बघा, ०.१ ग्रेनच्या मापात वाऱ्याची झुळूकही मोजली जाते. डिजिटल काटा कामाच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवा. मग प्रमाणित वजन ठेवून तपासा, आणि ते वजन तुमच्या चार्जच्या जवळपासचं असू द्या. ५० ग्रॅमचं वजन बरोबर दाखवणारा काटा ४० ग्रेनला बरोबर असेलच असं नाही. दर दहा केसनंतर रिकामी वाटी ठेवून शून्य येतंय का बघा. काटा सरकतो, आणि सरकताना सांगत नाही.

तराजूवाला काटा असेल तर तो सरकत नाही, पण त्याची चूक मोठी असते. मोठं वजन एक खाच पुढे बसलं तर थेट पाच किंवा दहा ग्रेनचा फरक. म्हणून खाच ठरवल्यावर आकडा मोठ्यानं वाचायचा आणि वहीतल्या आकड्याशी ताडायचा. घरात वेडं समजतात, समजू देत.

पहिल्या लोडसाठी प्रत्येक चार्ज वेगळा तोला. मेझरनं थोडा कमी टाका, ट्रिकलरनं कणाकणानं पूर्ण करा. पन्नास केस लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या. रिकाम्या केस उलट्या ठेवायच्या, भरली की सरळ. सगळं भरून झालं की टॉर्च घेऊन वरून एकेका तोंडात बघा. पावडरची पातळी सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजे. एखादी जरा उंच किंवा खोल वाटली तर अंदाज करत बसू नका, ओतून परत तोला. त्यानंतरच बुलेट.

पाचवी पायरी: रेंजवर, खालून वर

आता शिडी. सुरुवातीच्या चार्जपासून साधारण एक टक्क्याच्या टप्प्यानं वर; .३०८ एवढ्या केसला ०.३ ते ०.५ ग्रेन. प्रत्येक टप्प्याची तीन ते पाच काडतुसं, वेगळ्या पिशवीत, वर चार्ज लिहिलेला. छापलेल्या कमालपर्यंतची सगळी शिडी पहिल्याच वेळी भरू नका. मधल्या टप्प्यापर्यंत भरा. वर जायची गरज पडली नाही तर बुलेट उपटत बसायचं काम वाचतं.

डोळ्यांवर गॉगल, कानांवर मफ. सर्वांत कमी चार्ज आधी, क्रम मोडायचा नाही. प्रत्येक बारानंतर केस उचलून तळ बघा. नवा प्रायमर कडांना गोलसर असतो. दाब वाढत गेला की कडा सपाट होत जातात आणि शेवटी प्रायमर आपल्या खळग्यात कडेपर्यंत पसरून पितळात विरल्यासारखा दिसतो. फायरिंग पिननं पाडलेल्या खड्ड्याभोवती वर आलेली कडा, केसच्या तळावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत अर्धगोल ठसा, बोल्ट उचलताना नेहमीपेक्षा जड लागणं, प्रायमरभोवती काजळी: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. ‘एकाच केसला आलंय, पुढचं बघू’ हा विचार तिथेच सोडा. उरलेली वरची काडतुसं घरी नेऊन हातोडीसारख्या पुलरनं उकला.

पण चिन्हं दिसत नाहीत म्हणून दाब ठीक आहे, असंही नाही. मऊ प्रायमर कमी दाबालाही चपटा होतो, कडक प्रायमर मर्यादा ओलांडली तरी गोल राहतो. पितळावर ठसा उमटतो तेव्हा पुष्कळदा मर्यादा आधीच मागे पडलेली असते. म्हणून मी नवशिक्याला दुसऱ्या डायच्या (केसला आकार देणाऱ्या साच्याच्या) आधी क्रोनोग्राफ, म्हणजे बुलेटचा वेग मोजणारं यंत्र, घ्यायला सांगतो. वेग फुकट मिळत नाही. तो दाबातूनच येतो. मॅन्युअलनं कमाल चार्जला जो वेग छापलाय तो तुम्हाला दोन टप्पे आधीच मिळाला, तर तुमच्या रायफलची कमाल तीच. छापलेल्या आकड्यापर्यंत जायचा हक्क आपोआप मिळत नाही. नळीचा फरक मात्र धरा: .३०८ ला इंचामागे साधारण २०-२५ फूट प्रतिसेकंद. मॅन्युअलची नळी २४ इंची आणि तुमची २० इंची असेल, तर तुम्हाला ८०-१०० फुटांनी कमीच दिसायला हवं. आखूड नळीतून तेवढाच वेग येत असेल तर आनंद मानू नका, खाली उतरा.

हवामानही मोजा. मिनेसोटात जानेवारीत ठरवलेला लोड टेक्सासच्या जुलैत तोच राहत नाही. काही पावडरी उष्णतेला जास्त दाद देतात, काही कमी. त्यात तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून गप्पा मारत बसलात तर पावडर आणखी तापते. काडतुसांचा डबा सावलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही.

बहुतेक रायफली शिडीच्या मध्यावर कुठेतरी छान गट (कागदावर जवळजवळ पडलेली भोकं) देतात. तिथे थांबा. घरी येऊन हात साबणानं धुवा, मगच खा; प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

डब्यावरच्या चिठ्ठीत लिहायचं ते असं: तारीख, केस आणि ती कितव्यांदा भरली, प्रायमर, पावडर तिच्या लॉट नंबरासकट, चार्ज, बुलेट, एकूण लांबी, कोणत्या रायफलसाठी. त्या दिवशीचा वेग आणि तापमान वहीत. पावडरचा नवा डबा आणला आणि लॉट नंबर वेगळा निघाला तर नाव तेच असलं तरी चार्ज थोडा उतरवून दोन-तीन टप्पे पुन्हा चढायचे. बुलेट, ब्रास किंवा प्रायमर बदललं, नळी बदलली, तर मात्र शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरून.